टसर पतंग ओळखायचा तर दिव्यापासून नको, सादड्याच्या झाडापासून सुरुवात करा

मृगाचे पहिले पाऊस पडले की फोटो यायला लागतात. नाशिक-पेठ रस्त्यावरच्या ढाब्याची भिंत, ट्यूबलाइटखाली बसलेला तळहात भरेल एवढा विटकरी पतंग, चारही पंखांवर एकेक डोळा. सोबत ठरलेला प्रश्न: "हा ॲटलास का?" बहुतेक वेळा तो ॲटलास, म्हणजे याहून बराच मोठा दुसरा पतंग, नसतो. तो टसर पतंग असतो, म्हणजे ज्याच्यापासून टसर रेशीम मिळतं तो अँथेरिया पाफिया. रेशीम उद्योगातले लोक त्यालाच अँथेरिया मायलिट्टा म्हणतात.

ओळखायला चुकतं ते क्रमामुळे. पंख असलेला हा पतंग जेमतेम आठ-दहा दिवस जगतो आणि आपण नेमकं तिथून सुरू करतो. उरलेलं वर्षभर तोच जीव अंडं, अळी आणि कोसा या रूपांत झाडावर असतो, आपण मात्र त्याच्याकडे पाहत नाही. म्हणून खालचा क्रम उलटा आहे: आधी झाड, मग कोसा, मग पतंग, शेवटी अळी. नाशिकच्या हवामानात हे काम माघात सुरू करून दिवाळीपर्यंत पुरं होतं.

एक शब्द आधी पक्का करू. "कोष" हा शब्द आपण दोन वस्तूंना वापरतो आणि तिथेच निम्मा घोळ होतो. या लेखात कोसा म्हणजे बाहेरचं रेशमाचं कवच आणि प्युपा म्हणजे आत झोपलेला जीव.

तयारी

सामान थोडंच लागतं. द्विनेत्री (साधी चालेल), स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, मोजपट्टी, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल आणि तीन-चार मीटर मच्छरदाणीचं कापड. पेन घेऊ नका, पावसात शाई पसरते. फोन असतोच.

सामानापेक्षा जागा ठरवायला वेळ द्या. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक या पट्ट्यात सादडा भरपूर आहे. पण राखीव जंगल, अंजनेरी किंवा बोरगडसारखं संवर्धन राखीव क्षेत्र असेल तर तिथून काहीही उचलायचं नाही. कोसा नाही, अंडं नाही, पानसुद्धा नाही. तिथे फक्त पाहायचं आणि फोटो काढायचे. हातात घेऊन अभ्यास करायचा असेल तर मालकीच्या शेताच्या बांधावरचं झाड निवडा आणि मालकाला विचारा.

सावधान: उन्हाळ्यात दगडगोट्यांच्या उतारावर फुरसं हा विषारी साप असतो. झाडाकडे वर बघत चालू नका. थांबा, वर बघा, मग पायाखाली बघून पाऊल टाका. बूट घालाच.

टप्पा १: झाड ओळखा

टसरची अळी मुख्यतः ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढते. ऐनालाच आपल्याकडे सादडा म्हणतात. बोर, धावडा, जांभूळ यांवरही ती सापडते, पण शिकायला सादडाच बरा.

सादड्याची साल मगरीच्या पाठीसारखी असते: काळपट राखाडी, खोल भेगांनी चौकोनी तुकडे पडलेली. अर्जुनाची साल गुळगुळीत आणि पांढुरकी असते, तिचे पातळ पापुद्रे सुटतात, आणि तो बहुधा ओढ्याकाठी उभा असतो. फळ दोघांचंही पाच पंखांचं. पान हाती आलं तर उलटं करा: सादड्याच्या पानाच्या मागे, देठाजवळ, मधल्या शिरेवर एक-दोन बारीक गाठी दिसतात.

पडताळा: साल आणि फळ, किंवा साल आणि पानाची गाठ, अशा दोन खुणा जुळल्याशिवाय वहीत "सादडा" लिहू नका. नुसत्या सालीवर भरवसा ठेवला तर जुन्या मोहाच्या झाडाशी गफलत होते.

टप्पा २: कोसा शोधा (फेब्रुवारी ते मे)

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि नेमका हाच लोक गाळतात. सादड्याची पानं झडली की फांद्या उघड्या पडतात आणि कोसे आभाळाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात त्याच झाडाखाली तासभर उभं राहिलात तरी एक दिसणार नाही.

शोधायचं काय? मोठ्या बोराच्या किंवा छोट्या चिकूच्या आकाराची, करड्या किंवा फिकट पिवळट रंगाची लांबटगोल वस्तू. कवच तीन ते पाच सेंटीमीटर लांब. पण खरी खूण आहे देठ. टसरचा कोसा फांदीला रेशमाच्या कडक, काळपट देठाने टांगलेला असतो, आणि देठाच्या वरच्या टोकाला फांदीभोवती घट्ट बसलेलं कडं असतं, अंगठीसारखं. हे कडं अळीने स्वतः विणलेलं असतं. पान गळून पडलं तरी कोसा पडत नाही तो याच कड्यामुळे.

उन्हं तिरपी असताना जा, सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. झाडाच्या पूर्वेला एकदा उभे राहा, पश्चिमेला एकदा. फांदीच्या टोकाकडून खोडाकडे नजर आणा, उलट नको.

आणि राब बघा, म्हणजे रोपांची जमीन भाजायला रचलेला फांद्यांचा ढीग. भात आणि नागलीच्या रोपासाठी राब भाजायला आपल्या डोंगरपट्ट्यात सादड्याच्या फांद्या तोडून, रचून, वाळवून ठेवतात. त्या ढिगाऱ्यात जिवंत कोसे असतात आणि भाजणीत ते जळतात. हरसूलच्या बाजूला मी एका शेतावर झाडं बघत फिरत होतो, तेव्हा शेतकरी मावशींनी हाक मारून राबाच्या ढिगातली एक फांदी पुढे केली. "दादा, वर काय बघता, हे इथं लटकलंय." त्या ढिगात चार कोसे मिळाले. तेव्हापासून मी झाडाच्या आधी राब बघतो. तिथून कोसा काढण्यात कसलाच अपराध नाही, उलट तो वाचतो. मालकाला सांगून काढा.

नेहमी गोंधळ होतो तो तीन वस्तूंशी. काड्यांची बारीक मोळी लटकलेली दिसली तर ती पिशवीअळी. आंब्यावर किंवा काजूवर सोनेरी, जाळीदार, आरपार दिसणाऱ्या कोशांचा पुंजका असेल तर तो क्रिक्युला नावाचा दुसरा रेशीमपतंग. आणि पानांत गुंडाळलेला, कागदासारखा पातळ, बिनदेठाचा तपकिरी कोसा बहुधा चंद्रपतंगाचा, म्हणजे मून मॉथचा. टसरचा कोसा नखाने दाबून पाहा, सुपारीसारखा कडक लागतो. विणून झाल्यावर अळी त्यावर आतून एक द्राव सोडते. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटमुळे कवचाला हा कडकपणा येतो आणि वर पांढुरकी भुकटी दिसते. ती बुरशी समजून पुसत बसू नका.

टप्पा ३: कोसा जिवंत की रिकामा

कोसा कापून बघायची घाई करू नका. आतला जीव वर्षभराची शिदोरी घेऊन झोपलेला असतो. कवच उघडलं की तो सुकतो, मुंग्या लागतात, आणि तुमच्या हाती एक फोटो उरतो. न कापताही सगळं कळतं.

पहिली तपासणी भोकाची. देठाकडच्या टोकाला मऊ, विस्कटलेल्या कडांचं मोठं भोक असेल तर पतंग उडून गेला. भोक दुसरीकडे, गोल आणि स्वच्छ कापल्यासारखं असेल तर आतल्या जिवाला परजीवीने खाल्लं. त्यातली एक पिवळी, काळ्या ठिपक्यांची झँथोपिंप्ला नावाची गांधीलमाशीसारखी कीड, दुसरी उझी माशी. कडा कुरतडलेल्या, वेड्यावाकड्या असतील तर ते उंदराचं, खारीचं किंवा पक्ष्याचं काम.

भोक नसेल तर वजन करा. जिवंत प्युपा असलेला कोसा साधारण आठ ते तेरा ग्रॅम भरतो. नुसतं कवच दीड-दोन ग्रॅमच्या आसपास असतं. मधलं काही, म्हणजे चार-पाच ग्रॅम, आलं तर आत सुकलेला प्युपा किंवा परजीवी असण्याची शक्यता जास्त. कानाजवळ धरून एकदाच हळू कलवा. जिवंत प्युपा जड, मऊसर धप्प असा सरकतो. मेलेला खुळखुळ्यासारखा वाजतो.

पडताळा: तोच कोसा पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. जिवंत असेल तर वजनात जेमतेम फरक पडतो. झपाट्याने घटत असेल तर आत जीव उरलेला नाही.

टप्पा ४: कोसा सांभाळणे

मुळात झाडावरच्या कोशाला हात लावायची गरज नाही. फांदीचा फोटो काढा, उंची आणि दिशा लिहा, आणि जूनपासून दर आठवड्याला भोक पडलं का ते द्विनेत्रीने बघा. घरी आणायचा तो राबातून वाचवलेला किंवा तुटून पडलेलाच.

घरी आणलात तर माझी चूक तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी कोसा काचेच्या रुंद बरणीत ठेवला, झाकणाला भोकं पाडली, आणि फार काळजी घेतल्यासारखं वाटलं. २४ जूनच्या रात्री पतंग बाहेर आला. ओले, चुरगाळलेले पंख घेऊन तो काचेवर चढू लागला आणि दर वेळी घसरून खाली आला. पंख फुलायला पतंगाला लटकावं लागतं. गुळगुळीत भिंतीवर त्याला लटकता येत नाही. सकाळपर्यंत पंख तसेच घडी पडून वाळले. ते पुन्हा सरळ होत नाहीत. ती मादी होती आणि सहा दिवस त्याच अवस्थेत जगली.

म्हणून पिंजरा मच्छरदाणीच्या कापडाचा करा. बाजू किमान दीड फूट. आतल्या दोरीला कोसा देठाने, होता तसाच टांगा, देठ वर. पिंजरा गॅलरीत सावलीत ठेवा. पत्र्याखाली नको, फ्रिजमध्ये तर मुळीच नको. एसीच्या खोलीत हवा कोरडी राहते आणि ऋतू कळेनासा होतो. हिवाळ्यातली नाशिकची थंडी आणि एप्रिलचं ऊन हे त्या प्युपाला हवंच असतं. त्याशिवाय त्याची झोप वेळेवर मोडत नाही. मेच्या शेवटापासून दोन दिवसांआड पाण्याचा हलका फवारा द्या, पहिल्या वळवासारखा.

सावधान: पिंजरा ठेवलेल्या स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या एका रात्रीत काम तमाम करतात. पालीसाठी कापडाला कुठे फट नाही ना, ते रोज बघा.

टप्पा ५: पतंग बाहेर येताना

जूनमध्ये हवेत दमटपणा आला की संध्याकाळी सात ते मध्यरात्र या वेळेत लक्ष ठेवा. आधी देठाजवळचं टोक ओलं होऊन काळवंडतं. पतंग तोंडातून एक द्राव सोडतो. त्यातलं विकर (एन्झाइम) रेशीम चिकटवणारा डिंक विरघळवतं, मग आतून पाय धागे बाजूला सारतात. तोडत नाहीत, सारतात. अर्ध्या-पाऊण तासात डोकं दिसतं, मग एकदम सगळा जीव बाहेर, भिजलेल्या लोकरीच्या गोळ्यासारखा. तो लगेच वर चढू लागतो. जाळीला लटकला की पंखांच्या शिरांत रस भरत जातो आणि आधी अंगठ्याच्या नखाएवढे असलेले पंख तुमच्या डोळ्यांसमोर उलगडतात. या वेळेत पिंजरा हलवू नका, फ्लॅश मारू नका, दिवा मंद ठेवा. थोड्या वेळाने तो तपकिरी-दुधट पाणी टाकतो. ती जखम नव्हे.

त्याला साखरपाणी, मध, केळं काही देऊ नका. टसर पतंगाला खाण्यासारखं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवरच तो आपले दिवस काढतो.

टप्पा ६: पतंगाची ओळख, या क्रमाने

आधी मिशा बघा, रंग नको. टसरच्या मिशा पिसासारख्या असतात. नराच्या रुंद, मादीच्या अरुंद. फुलपाखराच्या मिशा टोकाला गाठ असलेल्या काडीसारख्या असतात, त्यामुळे "मोठं फुलपाखरू" हा पर्याय इथेच गळतो.

मग डोळे. चारही पंखांवर एकेक गोल खिडकी हवी, आणि ती खरोखर पारदर्शक हवी. मागून टॉर्च धरलात तर उजेड आरपार येतो. खिडकीभोवती पिवळी, लालसर, काळी, पांढरी अशी वलयं.

मग पुढच्या पंखाची वरची कड: राखाडी पट्टा. आणि टोक: नराचं जास्त वाकलेलं, आकडीसारखं. पंख पसरल्यावर रुंदी १५ सेंटीमीटरच्या आसपास, मादी थोडी मोठी आणि पोटाने जाड.

रंग सगळ्यात शेवटी. नर बहुधा विटकरी-तपकिरी, मादी पिवळट किंवा राखाडी. पण छटा इतक्या बदलतात की नुसत्या रंगावरून कधीच निकाल देऊ नका.

आता गल्लत होणारे. ॲटलासची खिडकी त्रिकोणी असते, भोवती रंगीत वलय नसतं, पुढच्या पंखाचं टोक सापाच्या डोक्यासारखं दिसतं, आणि तो टसरपेक्षा बराच मोठा असतो. चंद्रपतंग फिकट हिरवा, मागे दोन लांब शेपट्या, त्यात चुकायला जागाच नाही. सर्वांत जास्त फसवतो तो घुबडपतंग, म्हणजे एरेबस. पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिन्याखाली तो हमखास असतो. त्याच्या फक्त पुढच्या पंखांवर मोठा डोळा असतो, तो आरपार नसतो आणि मिशा दोऱ्यासारख्या बारीक असतात. मिशा आधी बघितल्या तर ही चूक होतच नाही.

आणखी एक: ऑगस्ट-सप्टेंबरात सावळघाटात सागाची पानं जाळीसारखी झालेली दिसतात. तो टसरचा प्रताप नाही. सागाची पानं चाळणारे पतंग अगदी लहान असतात.

चादर लावून पतंग बोलवायचे असतील तर अमावास्येच्या आसपासची, पाऊस थांबलेली, वारा नसलेली रात्र निवडा. पांढरी चादर दोन बांबूंना ताणून बांधा, समोर यूव्ही दिवा लावा. रात्री दहाला आवरू नका, मोठे रेशीमपतंग बरेचदा मध्यरात्रीनंतर येतात. आणि एकट्याने जाऊ नका, आपल्या तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे.

घरी मादी निघाली तर तिला लगेच उडवून देण्यापेक्षा पिंजरा संध्याकाळी, कोसा मिळाला त्याच भागातल्या सादड्याला टांगा. ती गंध सोडते आणि नर लांबून येतात. जाळीवर नर येऊन बसला की पिंजरा उघडा.

टप्पा ७: अंड्यापासून अळीपर्यंत

मीलनानंतर मादी दोन-तीन रात्रींत साधारण १५० ते २५० अंडी घालते. अंडं जेमतेम तीन मिलिमीटर, चपटं-गोल, फिकट पिवळसर, मध्यावर दोन तपकिरी रेघा. ती कापडावर घातली तर खरवडू नका, कापडच कापून पानाला टाचा. आठ-दहा दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिला घास बहुधा अंड्याच्या कवचाचाच घेते.

पहिल्या कातीपर्यंत अळी पिवळट-तपकिरी असते आणि लोक तिला भलतीच समजून सोडून देतात. पुढे ती हिरवी होते: दोन्ही बाजूंनी फिकट पिवळी रेघ, पाठीवर गाठींच्या रांगा, त्यांवर तुरळक राठ केस, आणि मोठ्या अळीच्या कुशीवर आरशाच्या तुकड्यासारखे चमकणारे ठिपके. हे चंदेरी ठिपके दिसले की शंका उरत नाही. चार वेळा कात टाकून, पावसाळ्यात सुमारे महिन्याभरात ती १० ते १३ सेंटीमीटर होते. थंडीत वाढणाऱ्या पिढीला जास्त दिवस लागतात.

अळी शोधायची तर वर नाही, खाली बघा. सादड्याखाली धण्यासारखे, उभ्या खाचा असलेले लेंडीचे दाणे पडलेले असतात. ताजे असतील तर हिरवट आणि ओलसर. जिथे दाणे, त्याच्या सरळ वरच्या फांदीवर अळी.

पाळायची असेल तर तोडलेल्या पानांवर डब्यात पाळू नका. पानं सुकतात, दमटपणा साचतो, रोग येतो आणि दोन दिवसांत अळ्या काळ्या पडून लोंबतात. जिवंत फांदीवरच मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढवा, दोन्ही तोंडं सुतळीने बांधा, पानं संपत आली की पुढच्या फांदीवर सरकवा.

सावधान: अळी डोकं उचलून दिवसभर न हलता बसली तर ती आजारी नाही, कात टाकते आहे. तिला ओढून काढलंत तर पायांची पकड सुटते आणि ती कातीत अडकून मरते.

शत्रूही नोंदवा. अळीच्या कातडीवर एखादा पांढरा दाणा किंवा काळा डाग दिसला तर उझी माशीने अंडं घातलं आहे. ढेकणासारखे शिकारी किडे सोंड खुपसून अळीचा रस शोषतात. हे सगळं पाहून औषध फवारू नका. शत्रूंची नोंद ही जीवनचक्राचीच नोंद आहे.

टप्पा ८: कोसा विणताना

अळी खाणं थांबवते, पोट रिकामं करते, दोन-तीन पानं रेशमाने ओढून झोळी करते. मग फांदीभोवती कडं, मग देठ, मग कवच. तीन ते सहा दिवस ती आत डोकं फिरवत असते. या दिवसांत आणि पुढचा आठवडाभर फांदीला हात लावू नका. आतली कातडी अजून कोवळी असते, धक्का बसला तर प्युपा वेडावाकडा होतो.

ऑगस्टच्या कोशातून त्याच पावसाळ्यात दुसरी पिढी निघू शकते. थंडीच्या तोंडावर विणलेला कोसा मात्र पुढच्या जूनपर्यंत झोपतो. म्हणून प्रत्येक कोशापुढे वहीत विणल्याची तारीख लिहा, झाडाचा क्रमांक, फांदीची उंची आणि दिशा लिहा. आणि झाड बांधावरचं असेल तर त्याच पानावर मालकाला विचारून एक तारीख आणखी लिहून ठेवा: यंदा त्या सादड्याच्या फांद्या राबासाठी कधी उतरवणार.